दोनदा खट्, मग थांबून एकदा

आमच्या समोरच्या दारात राहणारे गृहस्थ सगळ्या रस्त्याला किल्लीवाले म्हणून माहीत आहेत. त्यांचं खरं नाव पोस्टमनला ठाऊक असेल, बाकी कुणाला नाही. चाळीस वर्षं त्यांनी जिन्याखालच्या खोलीत बसून कुलपं केली. सात लिव्हरचं दारात बसवायचं कुलूप ही त्यांची खासियत. त्यात ते आपल्या डोक्याने एक जास्तीची स्प्रिंग घालत. किल्ली फिरवली की दोनदा खट् व्हायचं, आणि आपण पाठ फिरवून चार पावलं गेलो की मागून आणखी एक बारीक खट्.

"कुलूप लावलं की नाही या शंकेने माणूस अर्ध्या जिन्यातून परत येतो, ताई," ते मला सांगत. "माझं कुलूप त्याला मागून हाक मारतं. लागलंय हो, जा निवांत."

हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं आणि वाचायला सुरुवात केली. वाचायचं काय, तर कोपऱ्यावरच्या लायब्ररीतल्या थरारक राजकीय कादंबऱ्या. शहरात स्फोट होतो, सरकार संशयितांना गुपचूप उचलतं, कुठल्या तरी बिनपाटीच्या इमारतीत कोंडतं, मारझोड होते, आणि शेवटी एक देखणा नायक सगळ्यांना सोडवून आणतो. किल्लीवाले गॅलरीत खुर्ची टाकून असल्या कादंबऱ्या वाचत आणि मोठमोठ्याने हसत. आत वहिनी, म्हणजे त्यांची बायको, भांडी आपटत.

कारण सत्तावीस वर्षांपूर्वी त्यांना स्वतःलाच असं उचललं होतं. शहरात स्फोट झाला होता. पकडलेल्या एका माणसाच्या खिशात किल्ली सापडली, ती किल्लीवाल्यांनी घडवलेली निघाली. निम्म्या शहराच्या खिशात त्यांचीच किल्ली होती, पण हे कोण ऐकणार! सकाळी सव्वासहाला दुधाची पिशवी आणायला गेले ते एकोणीस दिवस आलेच नाहीत. आमचे हे वहिनींना घेऊन रोज पोलीस ठाण्यात जात. तिथला साहेब रोज तेच सांगे, "असा कोणी आमच्याकडे नाही. बाई, नवरा कुणाबरोबर तरी गेला असेल. चौकशी घरात करा." वहिनींच्या मोठ्या जाऊबाईंनी हे वाक्य उचललं आणि सगळ्या नात्यात वाटलं.

विसाव्या दिवशी दुपारी ते जिना चढून आले. डायरीत मी त्या दिवशी लिहिलं आहे, ते तसंच देते: "किल्लीवाले परत. वजन बरंच उतरलेलं. पाय सुजलेले, चपला हातात. मला बघून म्हणाले, ताई, तुमचं बटण तिकडेच राहिलं, माफ करा. तापात असावेत."

हे बटण म्हणजे माझ्या शाळेच्या कोटाचं पितळी बटण, वर कमळ आणि क्रॉस कोरलेला. त्यांच्या तपकिरी शर्टाचं बटण तुटलं होतं, घरात दुसरं नव्हतं, म्हणून महिन्याभरापूर्वी माझ्या डब्यातलं ते मी वहिनींना दिलं होतं. तेव्हा किल्लीवाले आरशासमोर उभे राहून म्हणाले होते, "म्हातारपणी मला नन्सच्या शाळेत घातलंत की ताई!" तेव्हा ते चाळिशीतही नव्हते.

त्या एकोणीस दिवसांबद्दल ते पुढे काही बोलले नाहीत. पायाच्या तळव्यांबद्दल तर अजूनही बोलत नाहीत. फक्त थंडीत जिना उतरताना कठडा सोडत नाहीत. डोळ्यांवर पट्टी होती, कुठे नेलं कळलं नाही, एवढंच त्यांनी सांगितलं आणि आम्ही ते मानलं.

मागच्या वर्षी एका मंगळवारी, सकाळी सव्वादहाला, लायब्ररीवाली बाई माझ्याकडे आली. हातात पाच पुस्तकांची थप्पी. बसलीसुद्धा नाही.

"तुमच्या शेजाऱ्यांना समजावा. माझी पुस्तकं रंगवून ठेवतात!"

तिने एकेक पान उघडून दाखवलं. समासात पेन्सिलीने बारीक, सरळ अक्षर. नायक केसांच्या पिनेने कोठडीचं कुलूप दहा सेकंदांत उघडतो, तिथे लिहिलं होतं: "दहा सेकंदांत तपकिरीची डबी उघडत नाही." चौकशी करणारा अधिकारी दोन पानं भाषण ठोकतो, तिथे: "एवढं बोलत नाहीत. चहा पीत बसतात." नायकाला तीन दिवस उभं ठेवतात आणि चौथ्या दिवशी तो भिंतीवरून उडी मारतो, तिथे: "तीन दिवसांनी पाय चपलेत जात नाही. उडी कसली मारतोय."

मला हसू आवरेना. बाई वैतागून म्हणाली, "हसा तुम्ही! आता मेंबर येऊन किल्लीवाल्यांनी वाचलेलीच प्रत द्या म्हणतात. कोऱ्या प्रतीला कुणी हात लावत नाही."

"मग तुझं नुकसान काय झालं?"

"नुकसान नाही हो," ती आता बसली. "हे बघा. याच्यासाठी आले."

पाचवं पुस्तक. गुप्त घराचा दरवाजा धाडकन बंद होतो, असं वाक्य होतं. शेजारी लिहिलं होतं: "असा आवाज नव्हता. दोनदा खट्, मग थांबून एकदा. ते कुलूप माझंच होतं."

मग मी पुस्तक घेतलं आणि समोरचं दार वाजवलं.

किल्लीवाल्यांनी वाक्य वाचलं, चष्मा काढला आणि वहिनींकडे बघितलं. त्या ओट्याशी उभ्या होत्या.

"पट्टी डोळ्यांवर होती, ताई, कानांवर नव्हती," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी दार लावलं आणि मी ओळखलं. एका कंत्राटदाराने सहा कुलपं करून घेतली होती. नदीपलीकडच्या गोदामाला हवीत म्हणाला. मी स्वतः जाऊन बसवली होती."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं कुठे आहात ते?" वहिनींच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "सव्वीस वर्षं?"

"काय सांगू? मी केलेल्या कुलपात मलाच कोंडलं? पलीकडच्या खोलीत कुणीतरी सारखा खोकायचा. त्यालाही माझंच कुलूप. लोक म्हणाले असते, हा त्यांच्यातलाच." ते थांबले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "आणि खरं सांगू का, पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा मनात आलं, काय झकास बसलंय."

"धन्य तुमची!" वहिनी म्हणाल्या. "मी इथे पोलिसांचे टोमणे खातेय, आणि हे तिथे कारागिरी ऐकतायत!" मग त्या पदराने डोळे पुसत हसायला लागल्या, आणि किल्लीवाल्यांनी जीव भांड्यात पडल्यासारखा श्वास सोडला.

त्या स्फोटानंतर बेपत्ता झालेल्यांची चौकशी करायला मागच्या वर्षी एक समिती नेमलेली होती. सरकारचं म्हणणं, माणसं कोंडायचं असं घर नव्हतंच. नदीपलीकडे होतं ते कागदाचं गोदाम. निवेदन द्यायला अकरा दिवस उरले होते. लायब्ररीवालीने तारीख वर्तमानपत्रातून कापून आणली होती. किल्लीवाले नको म्हणत होते. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "मला पैसा नको, शिक्षा नको. माझा नवरा पळून गेला नव्हता, एवढं सरकारी कागदावर लिहून आणा. मग वाचा तुमच्या कादंबऱ्या."

तिसऱ्या महिन्यात समितीने गोदामावर बोलावलं. मी आणि वहिनी बरोबर गेलो. समितीच्या प्रमुख एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या, पायात कॅनव्हासचे बूट, बोलणं मोजकं. त्यांनी किल्लीवाल्यांना आवारात खुर्चीवर दारांकडे पाठ करून बसवलं आणि कारकुनाला एकेक दार लावायला सांगितलं.

पहिलं दार. "नाही." दुसरं. "नाही, हे मागाहून बसवलेलं, बाजारातलं." तिसऱ्या दाराची किल्ली अडकली. "तेल घाला त्याला," किल्लीवाले मागे न बघता म्हणाले. सरकारी वकीलसुद्धा हसला. चौथंही नाही.

पाचवं दार मागच्या बाजूचं होतं, हिरव्या रंगाचे थरावर थर बसलेलं. दोनदा खट्. कारकून वळून निघाला. मग ते तिसरं, बारीक खट्. किल्लीवाल्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "हेच."

वकील पुढे झाला. "मॅडम, यावरून एवढंच ठरतं की यांनी कुलूप केलं. हे आत होते, हे कशावरून?"

बोलणं खोटं नव्हतं. वहिनींनी माझा हात घट्ट धरला.

"आतल्या बाजूने उघडा," किल्लीवाले म्हणाले. "किल्लीच्या भोकावर पत्रा आहे. त्याचा खालचा डावा स्क्रू मी नखाने सैल केला होता. आठ दिवस लागले. आणि त्या फटीतून शर्टाचं बटण आत सरकवलं, कुलूप अडकावं म्हणून."

"मग अडकलं?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

"नाही ना! दुसऱ्या दिवशी लोण्यासारखं उघडलं. इतकं चांगलं केलं होतं मी." ते खरंच नाराज दिसले.

कारकुनाने पत्रा काढला. किल्लीवाल्यांचे हात थरथरत होते, म्हणून आतलं त्यानेच चिमट्याने बाहेर ओढलं. काळं पडलेलं एक गोल बटण. न्यायाधीश बाईंनी ते रुमालाने घासलं. कमळ आणि क्रॉस.

मी पिशवीतून त्या वर्षीची डायरी आणि माझ्या कोटाचं दुसरं बटण काढलं. वहिनींनी आदल्या दिवशी, "असू द्या बरोबर, ताई," म्हणून घ्यायला लावलं होतं. न्यायाधीश बाईंनी दोन्ही बटणं तळहातावर शेजारी शेजारी ठेवली आणि माझं पान दोनदा वाचलं. वकिलाने वाचलं आणि टोपण लावून पेन खिशात ठेवलं.

अहवाल गेल्या महिन्यात आला. त्यांच्याबद्दलचं एकच पान आहे. वहिनींनी ते मोठ्या जाऊबाईंना फोनवर वाचून दाखवलं. "सदर व्यक्तीस एकोणीस दिवस बेकायदेशीररीत्या डांबून ठेवण्यात आले होते. ऐकू आलं ना? नसेल तर परत वाचते." आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी परत वाचलं, "बेकायदेशीररीत्या" वर विशेष जोर देऊन. जाऊबाई म्हणाल्या, मी कधी काही बोललेच नव्हते. "हो का," वहिनी म्हणाल्या, "मग आता सगळ्यांना हेच सांगा."

खोकणाऱ्या माणसाचं मात्र काही कळलं नाही. किल्लीवाल्यांनी समितीला त्याच्याबद्दलही सांगितलं. अहवालात त्याला अर्धी ओळ आहे. ते म्हणाले, अर्धी तर अर्धी, कुणी शोधत आलं तर सापडेल.

काल चार वाजता मी चहाला गेले तेव्हा ते गॅलरीत तेच पान मांडीवर घेऊन बसले होते आणि पेन्सिलीला टोक करत होते. वहिनी आतून ओरडल्या, "अहो, सरकारी कागद आहे तो!"

"असला म्हणून काय झालं?" त्यांनी मला ओळ दाखवली. अहवालात लिहिलं होतं, कुलपाचा आवाज सलग तीन वेळा येतो. त्यांनी "सलग" वर नीट रेघ ओढली आणि समासात आपल्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलं: "दोनदा खट्, मग थांबून एकदा."

मग पेन्सिल कानावर ठेवून ते माझ्यासाठी चहा आणायला उठले.