जुन्या पँटचं बटण

गोडादरा वस्तीत आमच्या शेजारी राहणारा, लूमवर कापड विणणारा एक कारागीर पंगतीत दुसऱ्यांदा वाढू देत नाही. आपल्या नकली पायावर टिचकी मारून म्हणतो, “जास्त झालं, अंग सुटलं, की हा आवळतो.”

अपघातात माझा पाय मांडीपासून गेला. काट्यावर वजन उतरलेलं पाहून बायको मला रोज तुपातले लाडू भरवू लागली. एका दुपारी तो आला, म्हणाला, “वहिनी, भाऊची जुनी पँट काढा जरा.”

दोघांनी मिळून मला ती चढवली. कमरेचं बटण काही लागेना.

“पोट सुटलंय भाऊ. उतरलं ते पायाचं वजन. पाय गेला, हे काट्याला कुठं कळतं?”

मग त्याने लाडवांचा डबा उचलून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला.

“नवा पाय बसला की उभा राहून काढ.”