शेवट कापलेला पिक्चर

सरकीचा वास नाकात गेला की माझं डोकं आजही तापतं. बोरी अरबला बाजाराच्या दिवशी एका बियाणे कंपनीच्या माणसांनी कापसाच्या जिनिंगच्या गोदामात फुकट पिक्चर लावला होता, हिंदीत बोलणाऱ्या लोखंडी शिपायाचा. दारं-खिडक्या पोत्यांनी झाकलेल्या, आत नुसता उकाडा, आणि आम्ही सगळे सरकीच्या ढिगावर बसलेलो. तसलं काही आमच्यापैकी कोणी पाहिलंच नव्हतं. शिपायावर तोफा डागल्या, त्याला आग लावली, तरी तो उठून चालू लागला, आणि तेवढ्यात त्यांनी मशीन बंद केली. पांढऱ्या शर्टातला एजंट पडद्यापुढे येऊन म्हणाला, "आपलं बियाणंही असंच आहे भाऊ, बोंडअळी त्याचं काहीच करू शकत नाही." माझे बाबा उठून ओरडले, "अबे, शेवट तं दाखव ना!" तो हसला. "शेवट कायचा काका? हा मरतच नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनीही वाजवल्या, आणि सगळ्या वावरात तेच बियाणं पेरलं. दिवाळीनंतर आईनं एक बोंड फोडलं, तर आत गुलाबी अळी सरकी पोखरून आरामात बसलेली. गेल्या रविवारी तोच पिक्चर टीव्हीवर लागला. म्हाताऱ्या बाबांनी आणि मी तो पहिल्यांदाच पूर्ण पाहिला. शेवटी एक पोरगी शिपायाच्या मानेतली करंगळीएवढी वायर उपटते आणि तो जागेवर कोसळतो. मी त्या एजंटाला तोंडाला येतील त्या शिव्या घालत होतो. बाबा पडद्याकडे बघत एवढंच म्हणाले, "म्हणजे त्याले माहीत होतं."