कॅसेटवाल्याचं स्थळ

ज्याचं दुकान चालतं त्याच्याकडे पैसा साठतो, ज्याचं चालत नाही त्याच्याकडे किस्से. नव्वदचं दशक संपत आलं होतं. कोल्हारला मनमाड रोडवर माझी व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी होती. अगदी समोर माझ्याच वर्गातल्या बबनने सीडीचं दुकान टाकलं आणि माझ्याकडे किस्से साठायला लागले.

त्यातच माझं लग्न ठरायचं होतं. पहिल्या मुलीचा मामा दुकान बघायला आला. कॅसेटींची भिंत बघून "छान" म्हणाला आणि चहा प्यायला बबनकडे गेला. ते स्थळ पुन्हा रस्ता ओलांडून आलं नाही.

*

पावसाळ्यात कॅसेटींना बुरशी धरायची. ऊन पडलं की मी त्या पत्र्यावर, आईच्या सादळलेल्या पापडांशेजारी वाळत घालायचो. नेमकं तेव्हाच दुसरं स्थळ आलं. पाहुण्यांनी वर बघून शांतपणे विचारलं, "ह्यातलं तळायचं कोन्तं आन् बघायचं कोन्तं?"

*

शेवटी म्हटलं, आपणही सीडी ठेवू. नगरला माल घ्यायला गेलो, तर व्यापाऱ्याने अडवलं, "थांबा, आता डीव्हीडी येतेय. सीडी जाणार."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. कोल्हारला उतरल्या उतरल्या पारावर जाहीर केलं, की बबनचं दुकान बुडालं. तिथे बसलेल्या पाटीलबाबांनी तंबाखू मळत हिशेब केला, "म्हंजी तुजं दोनदा बुडालं की."

*

तिसरं स्थळ अकोले तालुक्यातल्या डोंगरातलं. त्यांनी बबनच्या स्थळाचीही चौकशी केली होती. मुलगी मला मनापासून आवडली. तिनेच विचारलं, "लाईट जाऊन आली, की कॅसेट थांबली तिथूनच चालू हुती ना?"

"व्हय."

"सीडी पयल्यापासून लागती. आमच्यात लाईट टिकत न्हाई. भाड्याच्या मशीनला पुढं ढकलायला रिमोट नसतो. एकच पिच्चर किती येळा लावला, पन हिरोला फाशी झाली का सुटला, कळलंच न्हाई." मग वडिलांकडे वळून म्हणाली, "ह्यांनी शेवट सांगितला तर मला पसंत हाय."

तो पिक्चर माझ्याकडे नव्हता. नाक मुठीत धरून बबनकडे गेलो, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "शेवट फुकट सांगत न्हाई. सीडी ने, मशीन ने, बघ."

कॅसेटवाल्याने सीडी भाड्याने न्यायची? मी ताठ मानेने परत आलो आणि अकोल्याला निरोप धाडला, "हिरो सुटतो."

लग्न झालं. बबनने आहेरात तीच सीडी दिली, वर मशीन आणि रिमोटही. माझ्याकडे न बघता नव्या नवरीला म्हणाला, "वैनी, शेवट तेवढा दोघांनी मिळून बघा."