एकवेळ जेवणारा क्रेनवाला

क्रेनवाल्याला कामावर सगळे योगी म्हणायचे. हे नाव पाडलं त्याच्या मेहुण्यानं. एकदा खाई तो योगी, दोनदा खाई तो भोगी, तीनदा खाई तो रोगी, ही म्हण त्यानं वॉकीटॉकीवरून अख्ख्या बांधकामाला ऐकवली होती. ओझं कुठं टेकवायचं ते मेहुणा खालच्या स्लॅबवरून सांगायचा. क्रेनवाला वीस मजले उंचावरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून ते हलवायचा.

एकवेळचं जेवण त्यानं धरलं ते शिडीपायी. चढायला वीस मिनिटं, उतरायला पंधरा. दुपारी खाली येऊन जेवलं की भरल्या पोटी चढताना छातीचा भाता व्हायचा. डबा वर नेला तर जेवल्यावर डोळे मिटायचे, आणि तिथं डोळे मिटून चालत नाही. म्हणून रात्री घरी, एकदाच. गुण आला, नाही असं नाही. तीन महिन्यांत पोट उतरलं, कुरकुरणारे गुडघे गप्प झाले, सकाळी डोकं पुसलेल्या काचेसारखं लख्ख. बायकोची पहाटेची धावपळ वाचली. पण रात्री ताटावर बसला की तो मान वर करायचा नाही. मुलीनं मध्येच काही विचारलं तर खेकसायचा.

"जेवताय की सूड उगवताय?" बायको म्हणायची.

साडेतीनचं मात्र त्यानं तिलाही सांगितलं नव्हतं. दुपारी साडेतीनला आधी बोटं गार पडत. मग मानेवर घाम, मग छातीत कुणीतरी दार ठोठावल्यासारखं. दहा मिनिटं पाण्याचे घोट घेत तो वाट बघायचा. सांगितलं तर खाली उतरवतील, आणि खाली उतरलेल्या क्रेनवाल्याला विचारतो कोण? त्यात योगी म्हणवून घ्यायची चटकही लागली होती.

त्या दिवशी साडेतीनला दोन टन सळ्यांचा भारा हवेत होता. खाली अकरा माणसं वाकून काम करत होती.

"डावीकडे घ्या, भावोजी. हळू. अहो डावीकडे! जेवायच्या हाताकडे नको, तो तसाही रिकामाच असतो!"

क्रेनवाल्यानं खाली पाहिलं. हूक दोन होते. भारे दोन, मेहुणे दोन. क्रेन चालवायचा डावा दांडा काय करतो आणि उजवा काय, हे त्याच्या हातांना पाठ होतं. हात ते विसरले. त्यानं दोन्ही दांडे सोडून दिले. क्रेन जागीच थांबली. भारा झोके घेऊ लागला, त्या अकरा पाठींवरून इकडून तिकडे.

"भावोजी? झोपलात का?"

वॉकीवर सुपरवायझरही हे सगळं ऐकत असतो, हे त्याला ठाऊक होतं.

"मला दोन दोन दिसतंय," तो म्हणाला. "माणसं काढ खालून."

मेहुणा हसला नाही. "उठा! टाका ते हातातलं, पळा!" त्याचं ओरडणं वॉकीशिवायही वर पोचलं.

क्रेनवाल्यानं लाल बटण दाबलं, वीज तोडली. तरी त्याला धीर येईना. आपण बेशुद्ध पडलो, दांड्यांवर कोसळलो, ब्रेकनं दगा दिला तर? तो सीटमागच्या वीतभर जागेत अंगाची जुडी करून बसला. केबिनमध्ये खायला काही नव्हतं. मोहच नको म्हणून त्यानंच ठेवलं नव्हतं.

"खाल्लंयत काही?" वॉकीवर सुपरवायझर.

"काल रात्री."

शिडी चढायची परवानगी दोघांनाच होती, क्रेनवाल्याला आणि मेहुण्याला. मेहुणा स्टुलावर चढतानाही भिंत धरायचा. तरी काचेतून क्रेनवाल्याला खाली त्याचं पिवळं हेल्मेट शिडीवर दिसलं. पाच पायऱ्या, थांबणं. पुन्हा पाच. एकदा ते इतका वेळ हललं नाही की क्रेनवाला भारा विसरला आणि त्या हेल्मेटकडेच बघत राहिला.

पस्तीस मिनिटांनी मेहुणा दारातून आत कोसळला. चेहरा चुन्यासारखा. खिशातून चेचलेली दोन केळी आणि गोड चहाची बाटली काढली.

"गिळा, योगीमहाराज," तो डोळे मिटूनच म्हणाला. "ताईला विधवा करायचं असेल तर जमिनीवर करा. मला इथं बोलवू नका."

केळं सोलायला दोघांचे हात लागले. अर्ध्या तासानं हूक एक झाला. क्रेनवाल्यानं भारा रिकाम्या जागेवर कापूस टेकवावा तसा टेकवला. मग मेहुण्याला पायरी पायरीनं खाली आणला. खाली सुपरवायझरनं केबिनच्या किल्लीसाठी हात पुढे केला. त्यानं ती दिली.

आता क्रेनवर दुसरा माणूस असतो आणि हा खाली स्लॅबवर, मेहुण्याच्या जोडीला. दुपारी बाराला डबा खातो. पोट पुन्हा सुटलंय, गुडघे पुन्हा बोलतात. योगी म्हणून कुणी हाक मारत नाही. पण साडेतीन वाजले की बोटं तशीच गार पडतात, पोट भरलेलं असूनही. डोक्यावर सळ्या सरकत असतात आणि वरच्या काचेत त्या नव्या माणसाचं तोंड दिसत नाही.

"त्याला विचार ना," तो मेहुण्याला म्हणतो.

"रोज काय विचारायचं, भावोजी? चिडतो तो."

"चिडू दे. विचार, जेवलास का म्हणून."