विचारलं होतं, मागितलं नव्हतं

एका सकाळी हैदराबादच्या विद्यानगरहून फोन आला, सुमनआत्या गेली. त्याला आता महिना होत आला. शोकसभेत एक गृहस्थ म्हणाले, "बाई फार सोशिक होत्या." मी तिथं गप्प राहिले. इथं राहणार नाही. माझी आत्या सोशिक नव्हती.

हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं त्या सुमारास ती आबिड्सजवळच्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून लागली. वय एकोणीस-वीस. तोवर उर्दूत चाललेला कारभार एकाएकी इंग्रजीत आला, साहेबही बाहेरून आले. त्यांना उर्दू येईना, जुन्या कारकुनांना इंग्रजी... मधे दुभाषी म्हणून आत्या. शाळा उर्दू, पण तिच्या वकील वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, इंग्रजी घरी पक्कं करून घेतलेलं. "क्रियापदामागं कोण उभंय ते बघ," हे त्यांचं पालुपद तिनं पुढं मलाही ऐकवलं. "लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं, लुक फॉर म्हणजे शोधणं. शेपूट बदललं की जनावर बदलतं!"

कचेरीत गौससाहेब नावाचे वयस्क कारकून होते. उर्दू अक्षर देखणं, इंग्रजी शून्य. एके दिवशी साहेबांपुढं उभं राहून त्यांनी आत्यामार्फत विचारलं, इंग्रजी न येणाऱ्यांना वेळेआधी निवृत्त करणार म्हणतात, त्याचा नियम काय? साहेबांनी मान डोलावून त्यांना पाठवून दिलं. दुपारी मात्र टाइप करायला मजकूर आला. गौससाहेबांनी निवृत्ती मागितली आहे, मंजूर व्हावी. इंग्रजीत, 'आस्क्ड फॉर'.

आत्यानं 'आस्क्ड अबाउट' टाइप करून कागद पुढं ठेवला. साहेबांनी 'अबाउट' खोडलं. तिनं पुन्हा तेच टाइप केलं.

"उर्दू शाळेतली मुलगी मला इंग्रजी शिकवणार?"

"शिकवत नाही, सर. त्यांनी विचारलं होतं, मागितलं नव्हतं. त्यांचं बोलणं तुम्हाला मीच सांगितलं."

बाहेर गौससाहेब हात जोडून उभे. "नक्को बेटी, मेरे वास्ते झगडा नक्को." संध्याकाळी घरी माझे वडील, म्हणजे तिचे थोरले भाऊ, म्हणाले, "सुमे, माफी माग नि मोकळी हो."

"माफी कशाची? नीट ऐकल्याची?"

साहेबांनी दुसऱ्याकडून हवं तसं टाइप करून घेतलं आणि कागद वर पाठवला. मग आत्यानंही वरच्या अधिकाऱ्यांना स्वतःच्या सहीनं तीन ओळी लिहिल्या. गौससाहेबांना बोलावणं आलं, दुसरा दुभाषी बसवून त्यांचा जबाब घेतला गेला आणि तो प्रस्ताव फेटाळला गेला. त्यांची नोकरी राहिली. आत्याचं टेबल मात्र गेलं. तिची रवानगी तळमजल्यावरच्या रेकॉर्ड रूममध्ये झाली. चार वर्षं ती तिथं धुळीनं माखलेले जुन्या कागदांचे बस्ते लावत होती. दमा तिथंच जडला, तो शेवटपर्यंत सुटला नाही. "पश्चात्ताप होतो का गं?" मी एकदा विचारलं.

"खोकला होतो," ती म्हणाली.

गौससाहेबांची पूर्ण मुदत भरली त्या दिवशी ते गळ्यातल्या हारासकट तिच्या रेकॉर्ड रूमच्या पायऱ्या उतरून आले. "बेटी, आज मिली. मांगे बगैर." आणि ज्या बरूच्या लेखणीनं उभा जन्म लिहिलं, ती त्यांनी तिच्या हातात ठेवली.

गेल्या आठवड्यात आम्ही आत्याची खोली आवरत होतो. माझ्या सुनेनं टेबलावरचा तो काळपट, टोक झिजलेला बरू उचलला. "हे टाकायचं का?"

"नाही," मी म्हणाले. जरा मोठ्यानंच.