मारुतीला पाणी कुठवर?

आर्किटेक्टच्या ऑफिसात पाच वर्षं लोकांच्या स्वयंपाकघरांचे नकाशे काढून आभाने नोकरी सोडली आणि वर्षभर ती गावात गंगा म्हणतात त्या नदीकाठी हिंडत राहिली. घाटावर, सराफ बाजाराच्या बोळांतून, कपालेश्वराच्या पायऱ्यांवर. मोबाइलवरचा एक खेळ ती रचत होती. त्यात हरवलेल्या पत्राचा धनी शोधणाऱ्या निरोप्याची गोष्ट होती, पण ती घरी बसून वाचता येत नसे. नेमल्या जागी पोचलं की फोन थरथरे आणि गोष्टीचा पुढचा तुकडा उघडे. अशा सात जागा.

"लोक गोष्ट वाचायला निवांत बसतात," आई म्हणायची. "तू त्यांना उन्हातान्हात उभं करतेस."

"उभं नाही गं, चालवते."

श्रावणातल्या एका रविवारी पहिली चाचणी ठरली. वाचनालयातल्या बावीस जणांनी नावं दिली. ते गोष्टीच्या शेवटापर्यंत चालले, तर हा खेळ पुढे न्यायचा. नाहीतर जुन्या ऑफिसने पुन्हा बोलावलं होतं, तिथे सोमवारी हो म्हणायचं.

शुक्रवारी धरणातून पाणी सोडलं. शनिवारी सकाळी आभा घाटाकडे निघाली आणि वरच्या रस्त्यावरच थांबली. पात्रात उभ्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला तांबडं पाणी लागलं होतं. गावातलं शेंबडं पोरही पूर याच मारुतीवर मोजतं: गुडघ्याला, कमरेला, छातीला. आभाही तशीच मोजत मोठी झालेली. आणि तरी मे महिन्यात, कोरड्या घाटावर उभं राहून, तिने गोष्टीची पहिली जागा थेट मारुतीच्या पावलांशी ठेवली होती. सातांपैकी चार जागा आता पाण्याखाली होत्या.

एरवी मारुतीसमोर फुलांचे द्रोण विकणाऱ्या लंकाबाई आज टोपली घेऊन रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या.

"मावशी, आज इथं?"

"कमरेला पाणी हाय ना. गुडघ्याला आलं की मी मधल्या पायरीवर, कमरेला आलं की हितं. पस्तीस वर्सं झाली."

"मग गिऱ्हाइकाला सापडता कशा?"

"न सापडायला काय झालं? पाणी कुठवर आलंय ते बघायचं, न् माझ्याकडं यायचं."

"आणि छातीला आलं तर?"

"तर घरी. तवा कोण येडं येतंय फुलं घ्यायला?"

आभा तिथेच कठड्याला टेकून बसली. दिवसभरात तिने कोरड्या दिवसांसाठी एक, गुडघ्यासाठी दुसरी आणि कमरेसाठी तिसरी वाट आखली. घाटावरच्या पहिल्या जागेचं 'पायाखालचा दगड थंड आहे' हे वाक्य तिला फार आवडायचं. कमरेच्या वाटेवर ते खोडावं लागलं. खेळाच्या सुरुवातीला तिने एक प्रश्न घातला: मारुतीला पाणी कुठवर आहे? वर रस्त्यावरच कुणाला तरी विचारा. उत्तर छातीला असेल, तर एवढंच उघडे: आज निरोप्या घरीच आहे. तुम्हीही घरी जा.

रविवारी बावीसांतले एकोणीस आले. पाणी उतरलं नव्हतं. बँकेतून निवृत्त झालेले ढुंढिराजकाका सगळ्यांत पुढे.

"बाई, मारुतीला पाणी कुठवर आहे?"

लंकाबाईंनी मारुतीकडे पाहिलं, मग काकांच्या चष्म्याकडे. "समोर दिसत नाय का?"

"दिसतंय. पण विचारायला सांगितलंय."

"मग द्रोण घ्या न् विचारा."

काकांनी पैसे काढून द्रोण घेतला. मागच्यांना वाटलं, हेही खेळातच असावं.

दोन तासांनी सराफ बाजारातल्या शेवटच्या जागेवर आभा एकटी उभी होती. बोळ बराच वेळ रिकामा राहिला. मग वळणावर काका दिसले, त्यांच्यामागे एक एक करत बाकीचे. सतरा जण पोचले. सगळ्यांच्या एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात फुलांचा द्रोण. पुराच्या पाण्यात तो सोडायला कुणी खाली उतरलं नव्हतं.

"आता हे ठेवायचं कुठं?" काकांनी विचारलं. "गोष्टीत आलंच नाही."

परतताना लंकाबाईंनी तिला हटकलं. "माल खपला, बाकी काय नाय. पर तुझी माणसं समोर उभी ऱ्हातात, मागनं गिऱ्हाइकाला मी दिसत नाय."

आभाने फोन काढला. आधी जुन्या ऑफिसला नाही म्हणून कळवलं. मग कमरेच्या वाटेवरची पहिली जागा टोपलीपासून दहा पावलं बाजूला सरकवली.