डावखुरा पेद्रूबाबा

साहेब शिडीवर, हातात भिंग. खाली ठाण्याच्या त्या जुन्या चर्चमध्ये अख्खा कोळीवाडा गोळा झालेला. वेदीवरच्या चित्रातल्या सेंट पीटरला हे ख्रिस्ती कोळी पेद्रूबाबा म्हणत. त्याच्या पाया पडल्याशिवाय होडी खाडीत लोटत नसत.

मी मुंबईच्या म्युझियममध्ये साहेबांचा मदतनीस. राहायला टेंभी नाक्यावर, त्यामुळे ठाण्याचं काम निघालं की मीच. चित्र बघताक्षणी साहेबांना ते इटलीतल्या एका मोठ्या मास्टरचं वाटलं. तसं ठरलं तर मुंबईला न्यायचं, हे त्यांनी पाद्रीला सांगूनही टाकलं होतं. सरकारी साहेबाला नाही कोण म्हणणार?

आमच्या धंद्यात तीन पायऱ्या. मास्टरने स्वतः काढलेलं, त्याच्या हाताखालच्या शिष्याचं, आणि दुरून नक्कल करणाऱ्याचं. पहिल्या दोघांना म्युझियममध्ये भिंत मिळते. तिसऱ्याला कोणी विचारत नाही.

मी वेदीमागे जाऊन, ज्यावर चित्र काढलं होतं ती फळी पाहिली. साग. इटलीत साग कुठला? साहेब म्हणाले, जहाजातून मागवला असेल. एखादी गोष्ट मनात भरली की माणूस काय वाट्टेल ते मागवतो, मी मनात म्हटलं.

मग पुढून पाहिलं आणि मला हसूच आलं. बाबा डाव्या हाताने आशीर्वाद देत होता. जवळ म्हातारी रेजीनबाय उभी होती, तिला विचारलं.

"आमचा बाबा डावखुराच हाय," ती म्हणाली. "उजव्या हातान जालं वढतो ना."

मी साहेबांना खाली बोलावलं. "साहेब, हे प्रिंटवरून काढलंय."

छपाईचं असं असतं. तांब्याच्या पत्र्यावर चित्र जसंच्या तसं कोरलं की कागदावर उलटं उठतं, शिक्क्यासारखं. उजवा हात डावा होतो. मास्टरने किंवा शिष्याने असा हात काढला नसता, त्यांच्यासमोर मूळ चित्र होतं. ज्याने फक्त छापील कागद पाहिला, तोच असा काढणार. आणि सागावरून दिसतच होतं, तो इथलाच कोणी.

साहेबांनी तो हात पुन्हा एकदा भिंगातून पाहिला. मग "इमिटेटर" एवढंच म्हणाले आणि भिंग खिशात टाकलं.

मी लोकांना सांगितलं, "साहेब म्हणतात, नक्कल आहे. इथेच राहील." पहिलं वाक्य कोणी ऐकलंच नाही. रेजीनबायने मला सुके बोंबील बांधून दिले. घरी जाताना फार बरं वाटत होतं.

तेव्हापासून कोणी घरचं चित्र पारखायला बोलावलं की मी आधी विचारतो, ठेवायचंय की विकायचंय? माझं उत्तर त्याने बदलत नाही. पण 'नक्कल आहे' ही त्याच्यासाठी आनंदाची बातमी आहे की वाईट, तेवढं आधी कळतं.